गोष्टीचा शेवट गोड नसला तरी चालेल, पटायला हवा



'मुद्द्यांवरून गोष्ट लिहा' किंवा 'अपूर्ण गोष्ट पूर्ण करा' हा प्रश्न प्राथमिकच्या भाषेच्या पेपरात ठरलेला असतो. तपासताना काय बघितलं जातं? शीर्षक आहे का, परिच्छेद पाडलेत का, शुद्धलेखन बरं आहे का आणि शेवटी तात्पर्य लिहिलंय का. एवढं जमलं की गुण मिळतात. पण 'हा शेवट या गोष्टीतून निघतो का?' हा प्रश्न कुठल्याच गुणदान तक्त्यात नसतो.

गंमत म्हणजे हाच प्रश्न एका वेगळ्याच ठिकाणी अगदी हिरिरीने विचारला जातो. ते ठिकाण म्हणजे व्हिडिओ गेम. 'व्हिडिओ गेम' हा शब्द वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. थोडा धीर धरा. मुलांच्या हातात गेम द्या, असं मी सांगणार नाहीये. गोष्ट कुठे फसते आणि का फसते, हे समजून घ्यायला गेमइतकी स्वच्छ उदाहरणं मला दुसरीकडे मिळाली नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल लिहितोय. (पुढे काही गेमचे शेवट सांगितले आहेत. ज्यांना ते खेळायचे असतील त्यांनी आधी खेळून घ्यावेत!)

गोष्टीचे गेम म्हणजे काय?

गाडी पळवायच्या किंवा गोळ्या झाडायच्या गेमबद्दल मी बोलत नाहीये. 'रोल-प्लेइंग' नावाचा एक प्रकार असतो. त्यात तुम्ही एक पात्र होता. लोकांशी बोलता, सोबती जमवता, कुणाला मदत करायची आणि कुणाला नाही ते ठरवता. एक गोष्ट तीस-चाळीस तास, कधी शंभर तास चालते. थोडक्यात, वाचक स्वतःच कादंबरीत शिरतो आणि 'आता मी काय करू?' हे ठरवतो.

आता बघा, कादंबरीचा शेवट फसला तर वाचक म्हणतो, 'लेखकाने चुकवलं.' गेमचा शेवट फसला तर खेळणारा म्हणतो, 'मी एवढं केलं त्याचं काय झालं?' राग दुप्पट असतो, कारण त्या गोष्टीत त्याचेही कष्ट गेलेले असतात. आपल्या वर्गातली मुलं दोन्ही बाजूंना असतात. ती गोष्टी ऐकतात आणि स्वतःच्या आयुष्यात छोटे छोटे निर्णयही घेतात. म्हणून हा विषय मला आपला वाटतो.

पहिलं उदाहरण : सोबती 'नाही' का म्हणतो?

२००८ साली 'फॉलआउट ३' हा अमेरिकी गेम आला. अणुयुद्ध होऊन दोनशे वर्षं झाली आहेत, वॉशिंग्टन शहराचे अवशेष उरलेत, पाण्यातसुद्धा किरणोत्सर्ग आहे. नायकाचे वडील शास्त्रज्ञ. सगळ्यांना स्वच्छ पाणी मिळावं म्हणून एक मोठं यंत्र उभं करायचं हे त्यांचं स्वप्न. ते यंत्र शत्रूच्या हाती लागू नये म्हणून ते स्वतःचा जीव देतात. इथपर्यंत गोष्ट चांगली आहे.

शेवटी काय होतं? यंत्र सुरू करायला कुणीतरी आतल्या खोलीत जाऊन आकडे दाबायला हवेत. खोलीत किरणोत्सर्ग इतका आहे की आत जाणारा मरणार. आणि अगदी त्याच वेळी तुमच्या शेजारी फॉक्स नावाचा एक धिप्पाड सोबती उभा असू शकतो. त्याच्यावर किरणोत्सर्गाचा काही परिणाम होत नाही! हे आपल्याला ठाऊक असतं, कारण थोड्याच वेळापूर्वी अशाच एका विषारी खोलीत जाऊन त्याने तुमच्यासाठी एक महत्त्वाची वस्तू आणून दिलेली असते. साहजिकच तुम्ही म्हणता, 'बाबा रे, तू जा.' तर तो काय म्हणतो? हे तुझ्या नशिबातलं काम आहे, ते मी तुझ्याकडून हिरावून घेणार नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोलून तो बाजूला होतो.

खेळणारे लोक चिडले. आणि बरोबरच चिडले. नायक मेला याचं त्यांना दुःख नव्हतं. लेखकाने आधीच ठरवून ठेवलं होतं की बापासारखाच मुलानेही त्याग करायचा. त्या ठरलेल्या शेवटासाठी एका शहाण्या, जिवाभावाच्या सोबत्याला ऐनवेळी वेड्यासारखं बोलायला लावलं. २००९ मध्ये कंपनीने 'ब्रोकन स्टील' नावाचा पुढचा भाग काढला आणि त्यात या सोबत्याला आत पाठवायची सोय करून दिली. फट बुजवली, पण उशिरा. आणि त्या पुढच्या भागाचे पैसेही वेगळे.

आपल्या मुलांच्या वहीत हेच घडतं, फक्त आकार लहान. 'मग राजाला एकदम पश्चात्ताप झाला आणि त्याने सगळं राज्य गरिबांना वाटून टाकलं. तात्पर्य : लोभ वाईट.' अहो, पण दहा ओळी आधी हाच राजा लोकांना चाबकाने मारत होता. मधे काय झालं? काहीच नाही. तात्पर्य आधी ठरलं होतं, म्हणून राजाला सुधारावं लागलं. मुलाचा दोष नाही. तात्पर्याला आपणच इतकं महत्त्व दिलंय.

दुसरं उदाहरण : तीन रंग, चव एकच

'मास इफेक्ट' ही कॅनडातल्या 'बायोवेअर' या कंपनीची मालिका. तीन भाग : २००७, २०१० आणि २०१२. तिची खासियत अशी की पहिल्या भागात तुम्ही घेतलेला निर्णय तिसऱ्या भागापर्यंत लक्षात ठेवला जातो. पहिल्या भागात कुणाला वाचवलंत तर तो दोन भागांनंतर तुम्हाला भेटतो. नाही वाचवलंत तर त्याची जागा रिकामी राहते. लोकांनी पाच वर्षं अशी एक एक वीट रचली.

आणि तिसऱ्या भागाच्या शेवटी? तोवर कधीही न दिसलेलं एक पात्र लहान मुलाच्या रूपात समोर येतं आणि तीन पर्याय ठेवतं. शत्रूचा नाश करा, शत्रूवर ताबा मिळवा, नाहीतर सजीव आणि यंत्रं यांना एकरूप करा. पर्यायांचा अर्थ वेगळा होता, पण पडद्यावर दिसणारं दृश्य बरंचसं एकच होतं. फरक मुख्यतः स्फोटाच्या रंगाचा. लाल, निळा, हिरवा.

बारीक फटीही होत्या. तुमच्याबरोबर लंडनच्या रणांगणावर लढत असलेले सोबती, पुढच्याच दृश्यात दूर कुठल्यातरी ग्रहावर कोसळलेल्या यानातून बाहेर पडताना दिसू शकत होते. ते तिथे पोहोचले कसे? कुणी सांगितलंच नाही.

पण माझ्या मते सगळ्यात मोठी फट वेगळीच होती. ते मुलाच्या रूपातलं पात्र म्हणतं की, यंत्रं आणि त्यांना घडवणारे सजीव यांच्यात संघर्ष अटळच असतो. आता, या गेममध्ये एक यंत्रमानवांची जमात आहे आणि त्यांना घडवणारे लोकही आहेत. दोघांचं शतकांचं वैर. तुम्ही आधीपासून नीट वागला असाल तर त्यांच्यात समेट घडवून आणू शकता. म्हणजे 'संघर्ष अटळ असतो' या विधानाला खोटं पाडणारा पुरावा तुमच्या हातात असतो, तोही तुम्ही स्वतः कष्टाने मिळवलेला. आणि तो मांडायची सोयच गेममध्ये ठेवलेली नाही! मुलाने गणित बरोबर सोडवलंय, पाटी वर धरलीय, आणि गुरुजी फळ्याकडे तोंड करून म्हणतायत, 'हे गणित सुटतच नाही.' असं झालं ते.

खेळणाऱ्यांनी मग काय केलं, ते ऐकण्यासारखं आहे. काहींनी शिवीगाळ केली, तिचं समर्थन नको. पण काहींनी निषेध म्हणून आजारी मुलांना मदत करणाऱ्या एका संस्थेसाठी हजारो डॉलर जमवून दिले. काहींनी कंपनीला सुमारे ४०० कपकेक पाठवले, लाल, निळ्या आणि हिरव्या रंगांचे. आत चव मात्र एकच. यापेक्षा नेमकं समीक्षण मी वाचलेलं नाही. कंपनीने जून २०१२ मध्ये वाढवलेला शेवट फुकट दिला. त्यात सोबती यानात कसे चढले ते दाखवलं, तुमच्या निर्णयांचे परिणाम दाखवले, तिन्ही पर्याय नाकारायची वाटही ठेवली. लोक पूर्ण समाधानी झाले नाहीत, पण 'तुमचा आक्षेप ऐकला' एवढं तरी झालं.

असं होतं का?

हे लेखक अडाणी नव्हते. अडचण गणितातच आहे. समजा, गोष्टीत एका वेळी दोनच पर्याय आहेत आणि असे निर्णय फक्त १० वेळा घ्यायचे आहेत. किती वेगवेगळे रस्ते होतील? २ चा दहावा घात, म्हणजे १,०२४. एवढे शेवट लिहिणार कोण, चित्रित करणार कोण? म्हणून लेखक रस्ते फुटू देतात आणि पुढे पुन्हा एकत्र आणतात. नदी बेटाला वळसा घालून पुन्हा एक होते तसं. हे चालतं, फक्त एक होताना दोन्ही प्रवाहांचं पाणी दिसायला हवं.

दुसरं कारण घाई. 'स्टार वॉर्स'वरचा 'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक २' हा गेम डिसेंबर २००४ मध्ये बाजारात आला तो अर्धवट शेवट घेऊनच. लिहून, आवाज देऊन तयार असलेले काही प्रसंग शेवटच्या टप्प्यात गाळले गेले. नंतर चाहत्यांनीच गेमच्या फायलींमध्ये पडून राहिलेले ते तुकडे शोधले आणि जोडून दाखवले. आपल्या मुलांचंही हेच होतं की! पेपरची शेवटची पाच मिनिटं, घंटा वाजायची वेळ, 'आणि मग त्याला जाग आली. ते सगळं स्वप्न होतं.' कल्पनाशक्ती संपलेली नसते, वेळ संपलेला असतो.

मग प्रत्येक फट वाईट का?

नाही. हे पालकांनी विशेष लक्षात घ्यावं, नाहीतर मुलाच्या प्रत्येक ओळीवर लाल शाई फिरेल.

१९९७ च्या 'फायनल फँटसी ७' या जपानी गेममध्ये एरिथ नावाची मुलगी मारली जाते. लोक आजही विचारतात की, लढाईत कोसळलेल्या सोबत्याला उठवणारं 'फिनिक्स डाउन' नावाचं पीस गेममध्ये ढिगाने मिळतं, मग एरिथसाठी का वापरलं नाही? प्रश्न बरोबर आहे. तरीही तो प्रसंग लोकांना खोटा वाटत नाही. ते रडतात. कारण लढाईतलं ते पीस हा खेळाचा नियम आहे आणि एरिथचं जाणं हा गोष्टीतला प्रसंग आहे. हा फरक खेळणारे न सांगता समजून घेतात.

आपली काऊ-चिऊची गोष्ट घ्या. कावळा आणि चिमणी बोलतात कशा? चिमणीने मेण आणलं कुठून? तिला बाळ आहे, त्याला ती न्हाऊ-माखू घालते, तीट लावते, हे कसं? एकही मूल विचारत नाही. पण समजा, मुसळधार पाऊस आला आणि मेणाचं घर वाहून गेलं, शेणाचं राहिलं, असं तुम्ही सांगितलंत, तर पहिलीतलं पोरसुद्धा म्हणेल, 'बाई, असं कसं?' कारण घर कशाचं आहे हे पहिल्याच वाक्यात सांगितलेलं असतं. पाऊस येतो तेव्हा त्या वाक्याचं फळ मिळतं. गोष्टीने स्वतः जे वचन दिलं, ते मोडलं तरच फट. बाकी सगळं माफ.

पटणारा शेवट कसा असतो?

२०१५ चा पोलंडचा गेम 'विचर ३' बघा. नायक गेराल्ट आणि त्याने मुलीसारखी वाढवलेली सिरी. शेवटी सिरी एका भयंकर संकटाला एकटी सामोरी जाते. ती परत येते की नाही, हे कशावर ठरतं? तुम्ही किती राक्षस मारले यावर नाही. आधी चार-पाच साध्या प्रसंगांत तुम्ही तिच्याशी कसे वागलात यावर. ती खचलेली असताना तिच्याशी बर्फाचे गोळे फेकून खेळलात का? ती मोठ्या लोकांच्या बैठकीला निघाली तेव्हा तिला एकटीला जाऊ दिलंत, की 'मी येतो बरोबर' म्हणालात? तिला राग अनावर झाला तेव्हा तो बाहेर काढू दिलात का? तिच्या मित्राच्या थडग्यापाशी तिच्यासोबत गेलात का?

त्या वेळी कुणी सांगत नाही की हे महत्त्वाचं आहे. शेवटी मात्र तिच्या मनात तेच प्रसंग येतात आणि तुम्हाला कळतं की, अरे, सगळं तिथेच ठरलं होतं. हा शेवट दुःखाचाही होऊ शकतो. पण तो दुःखाचा झाला तरी कुणी 'फसवलं' म्हणत नाही. कारण बी आधी पेरलेलं असतं.

पालकहो, तुम्हाला हे गेमपेक्षा जास्त काहीतरी वाटलं असेल, तर मलाही तसंच वाटतं.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

आधी एक स्पष्ट सांगतो. 'फॉलआउट ३', 'मास इफेक्ट ३' आणि 'विचर ३' या तिन्ही गेमना युरोपात १८ वर्षांवरील वयाचं मानांकन आहे. ते प्राथमिकच्या मुलांसाठी नाहीत. पण त्यांतून शिकलेले प्रश्न मात्र पहिलीपासून विचारता येतात.

१. 'कुठे पेरलं?' गोष्ट सांगून झाली की मुलांना विचारा, शेवटी जे झालं त्याची खूण आधी कुठे आली होती? काऊ-चिऊपासून सुरू करा. मुलं पटापट शोधतात.

२. 'मग तसं का नाही केलं?' हा फॉक्सचा प्रश्न. पात्राकडे सोपा उपाय होता आणि त्याने तो वापरला नाही, तर कारण गोष्टीत सापडलं पाहिजे. नसेल तर मुलांनीच एक कारण बनवायचं.

३. शेवट खोडू नका, मधे एक वाक्य घाला. हे माझं सगळ्यात आवडतं. मुलाने लिहिलं, 'मुलगा पुरात अडकला, इतक्यात हेलिकॉप्टर आलं आणि तो वाचला.' शेवट कापू नका. विचारा, 'हेलिकॉप्टर आधीपासून गोष्टीत आणायचं तर कुठे आणशील?' मूल वर जाऊन लिहितं की, सकाळपासून हेलिकॉप्टर गावावर अन्नाची पाकिटं टाकत होतं. मग लिहितं की, मुलाने आईची लाल साडी छपरावर पसरली. झाली ना गोष्ट? शेवट तोच, पण आता तो मुलाने स्वतः कमावलाय.

४. तात्पर्य थोडे दिवस बाजूला ठेवा. त्याऐवजी एकच ओळ लिहायला सांगा : 'मला हा शेवट पटला, कारण...' किंवा 'पटला नाही, कारण...' 'कारण'च्या पुढे जे येतं, त्याला गुण द्या.

काही शिक्षक म्हणतील, 'अभ्यासक्रम पूर्ण होत नाही, त्यात हे कुठे?' पण हे वेगळं काम नाहीच. कार्यकारणभाव आपण परिसर अभ्यासात शिकवतो, गणितात 'कसं आलं ते लिही' म्हणतो. भाषेच्या तासालाच तो सोडून का द्यायचा? आणि दुसरा आक्षेप असा की, शेवट कसा करायचा हा लेखकाचा हक्क आहे. नक्कीच आहे. मुलाचाही आहे. म्हणूनच 'शेवट बदल' म्हणायचं नाही, 'मला पटवून दे' म्हणायचं.

आता शेवटचा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. मुलांना आपण पर्याय देतो. स्नेहसंमेलनात कुठलं गाणं घ्यायचं ते मतदानाने ठरवू या, म्हणतो. सुट्टीत कुठला छंदवर्ग लावायचा ते तूच सांग, म्हणतो. मोठं झाल्यावर काय व्हायचंय, असंही विचारतो. पुष्कळदा उत्तर आधीच ठरलेलं असतं. मुलाने लाल म्हटलं, निळा म्हटलं, हिरवा म्हटलं, तरी खाऊची चव एकच. मुलांना हे लगेच कळतं. ती कपकेक पाठवत नाहीत. ती फक्त पुढच्या वेळी 'तुम्ही म्हणाल ते' म्हणतात, आणि आपण त्याला शहाणपणा समजतो. ज्या गोष्टीचा निर्णय मुलावर सोडायचा नाही, तिथे तसं सरळ सांगावं, कारणही सांगावं. आणि जिथे सोडला, तिथे त्याचा परिणाम त्याला दिसू द्यावा, अगदी गाणं फसलं तरी.

तेव्हा या आठवड्यात एक करून बघा. मुलगा किंवा मुलगी एखादा सिनेमा, मालिका किंवा गेम संपवून उठली की 'किती वेळ बघत होतास/होतीस?' याआधी विचारा, 'शेवट पटला का?' नाही म्हणाली तर पुढचा प्रश्न विचारा, 'मग तू कसा केला असतास/असतीस?' आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मधे बोलू नका.